सात नंबरची टिकली

शहापूर,
५ जानेवारी २०२५

आदरणीय भाऊजी,

लिलाधरचा नमस्कार. जमुनाताई आणि भाची ज्योत्सना मजेत असतील असं धरून चालतो.

खिशात दोन फोन असताना हा पत्र कायले लिहिते, असं तुम्ही म्हणाल. कारण आहे. फोनवर बोललेलं माणूस संध्याकाळपर्यंत विसरतो आणि सकाळी उलटं सांगतो. व्यवहाराची गोष्ट मी कागदावरच करतो. शाळा माझी नववीत सुटली हे तुम्हाला माहीत आहे. पण मागच्या महिन्यात एका वकिलाच्या कागदात गट क्रमांकाचा एक आकडा चुकलेला मीच दाखवून दिला. त्याने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. चूक चष्म्यात नव्हती.

आता मुद्द्याचं. इथल्या श्यामराव पाटलांची हायवेला लागून असलेली दीड एकर धानाची बांधी आता बांधी राहिली नाही. तिचे चोवीस प्लॉट पडले आहेत. कागद सगळे स्वच्छ, मी स्वतः तीन वेळा वाचले. जमीन श्यामरावांची, डोकं माझं. ग्राहक मी आणायचे, आणि रस्ता-नाल्यांसाठी कर्ज देणारी पतसंस्थाही मीच गाठायची. अर्धे प्लॉट विकले गेले की माझ्या मेहनतीचा म्हणून हायवेकडच्या तोंडाचा एक नंबरचा प्लॉट मला. तिथे मी ऑफिस टाकणार आहे. पाटी रंगवून झाली: 'लिलाधर दिघोरे, भूखंड सल्लागार'. चार फूट बाय तीन फूट.

अडचण एकच. ले-आऊट ११ डिसेंबरला मंजूर झाला आणि अजून एकही प्लॉट गेला नाही. सध्या पौष आहे, पौषात आपल्याकडे माणूस खिळाही विकत घेत नाही, हे मला मान्य. पण पौष ३१ डिसेंबरला लागला. त्याआधीचे एकोणीस दिवस कुठे गेले? माझ्या वहीप्रमाणे त्रेसष्ट माणसं जागा पाहून गेली. सगळ्यांनी पाणी विचारलं, वीज विचारली, आणि शेवटी त्रेसष्टच्या त्रेसष्टांनी एकच विचारलं: "आतापर्यंत कोनं घेतला?" कोणीच नाही म्हटलं की "पाहतो" म्हणून गाडीला किक.

तुम्ही तलावावर जन्म काढला. थंडीत सगळे काठावर उभे असतात आणि पहिला एक जण उतरला की मग धपाधप उतरतात, हे तुम्हाला मी काय सांगू.

म्हणून मी एक केलं आहे. भिंतीवरच्या नकाशात सात नंबरवर सौ. उषाच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवली. लाल टिकली म्हणजे बुक. कोणी विचारलं तर सांगतो, "लाखांदूरचे केवळराम मारबते, सात नंबर." तुमच्यावर कसलंही बंधन नाही. फक्त नाव वापरलं आहे, आणि नाव वापरल्याने झिजत नाही.

आपला,
लिलाधर


लाखांदूर,
१९ जानेवारी

लिलाधर,

तुह्यं पत्र दोन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं का मी प्लॉट घेतला. दुसऱ्यांदा समजलं का घेतला नाही, पन सांगाचा आहे.

तुले नाही म्हणून लिवाले बसलोच होतो. तेवढ्यात परवा मोटरसायकलीवर दोघं जण आले, मोहाडीकडचे. मी अंगणात फाटलेलं जाळं सांधत होतो. एक जण म्हणते, "केवळराम शेठ कुठी राहते?"

लिलाधर, मले आजवर केवळ्या म्हणले, ए मासोळीवाला म्हणले, मासेमारी संस्थेच्या मिटिंगीत एकदा केवळरामभाऊ म्हणले, ते बी मत पाह्यजे होतं म्हणून. शेठ कोनी म्हणलं नाही. मी मांगं वळून पाह्यलं का कोन आलं.

"शहापूरले तुमी प्लॉट घेतला म्हणते," तो म्हणाला. मी नाही म्हणाले तोंड उघडलंच होतं, पन तेवढ्यात तुही बहीण चहा घेऊन आली. आता पाहुण्याच्या हाती कप देताना नाही कसं म्हणाव? चहा पिऊन होईपर्यंत ते हो झालं होतं.

"कव्हा घेतला?" दुसऱ्यानं विचारलं.

"मांगच्या आठवड्यात."

दोघं एकमेकाच्या तोंडाकडे पाहाले लागले. "पौषात?"

मी म्हणलो, "आमच्या धंद्यात पौष नाही पाहत. मासोळीले काय पौष."

ते हसले अन् गेले. मंग जमुना मले विचारते, "कायचा प्लॉट?" मी म्हणलो, "लिलाधरचं काही तरी आहे." ती म्हणे, "मंग काही तरीच असंन."

आता मले हे सांग: तो प्लॉट आहे कसा? तोंड कुठं, लांबी किती, झाड-गिड काही आहे का? खोटं बोलाचंच तर नीट बोलाव. अर्धवट बोलून शेठ राहता येत नाही.

केवळराम


शहापूर,
३० जानेवारी

आदरणीय भाऊजी,

पौष काल संपला, आणि आज सकाळी साडेनऊ वाजता तुमच्याकडे आलेले ते दोघे अकरा आणि बारा नंबर बुक करून गेले. तुमच्या घरून परत जाताना म्हणाले होते म्हणे, "जो माणूस फाटलं जाळं फेकत नाही, सांधते, तो प्लॉट पाहूनच घेईन."

'खोटं' हा शब्द मात्र मला लागला. मी आयुष्यात खोटं बोललो नाही. मी फक्त क्रम बदलला. ग्राहक आधी येतात आणि नाव मग होतं. मी नाव आधी आणलं.

तुम्ही 'मांगच्या आठवड्यात' म्हणालात ती मोठी चूक. यापुढे कोणी विचारलं तर दत्तजयंती सांगायची, १४ डिसेंबर. दिवाळीचा पाडवा सांगू नका, तेव्हा ले-आऊट मंजूरच नव्हता, हिशेबी माणूस पकडेल. आणि दत्तजयंती शनिवारी होती, म्हणून "रजिस्ट्री झाली" म्हणायचं नाही, कारण शनिवारी रजिस्ट्री होत नाही. "बोलणं पक्कं झालं" म्हणायचं. मला कामात अचूकपणा लागतो.

प्लॉट क्रमांक सात: तीस बाय पन्नास, म्हणजे पंधराशे चौरस फूट. तोंड पूर्वेला. कोपऱ्याचा, दोन बाजूंनी रस्ता. उरलेल्या दोनपैकी एका बाजूला आठ नंबर. मागच्या हद्दीपासून आत चार फुटांवर कडुनिंब, बुंधा मी सुतळीने मोजला, तीन फूट दोन इंच. चोवीसमध्ये सगळ्यात देखणा प्लॉट आहे. तुमचं नाव मी ऐऱ्यागैऱ्या प्लॉटवर लावलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

नकाशाची प्लास्टिक मारलेली एक प्रत सोबत पाठवतो. भिंतीवर दिसेल अशी लावा.

आता पतसंस्थेचे मॅनेजर राजकुमार साहेब म्हणतात, "होळीपर्यंत दहा टिकल्या दाखवा, रस्त्याचं कर्ज मंजूर." उषा म्हणते टिकलीचं पाकीट संपत आलं.

आपला,
लिलाधर


लाखांदूर,
२१ फेब्रुवारी

लिलाधर,

नकाशा भिंतीले लावला. देवाच्या फोटोच्या खाली लावत होतो, जमुना म्हणे, "त्यायले तरी खरं पाहू द्या," म्हणून दरवाज्याजवळ लावला.

आतापर्यंत अकरा जण येऊन गेले. कडुनिंबाचा बुंधा ऐकला का मानूस गप होते. संस्थेच्या मिटिंगीत मले आता खुर्ची भेटते. पहिले मी तलावातून डोंगा वल्हवत यायचो तसा ओल्या पायानं खाली बसाचो. खुर्चीत पाय ओले असले तर वाईट दिसते, म्हणून चप्पल घेतली.

आता खरी गोष्ट. मोहाडीचे गोमाजी मेश्राम म्हणून आहेत. त्यायचा पोरगा प्रविण भंडाऱ्याले मोटारपंप दुरुस्त करते, स्वतःचं दुकान आहे. ज्योत्सनाले पाहून गेले. पोट्टं चांगलं आहे. ज्योत्सनानं त्याले विचारलं, "पंप तलावात पडला तर काय करसान?" तो म्हणे, "पहिले तुमच्या बाबाले बोलावीन." ते गेल्यावर ती दिवसभर उगीच भांडे घासत होती. जे समजाचं ते मी समजलो.

गोमाजीनं हुंड्याचं नाव काढलं नाही. म्हणते, "आमी पैसा नाही पाहत, मानूस पाहतो. ज्यानं मासोळी विकून हायवेवर प्लॉट घेतला, त्याच्या घरची पोरगी संसार करन." अन् जाता जाता म्हणे, "आठ नंबर खाली आहे का? तो मी घेतो. व्याही व्याही शेजारी राहू."

मी चहाकडे पाहत राह्यलो.

लिलाधर, शेठ होणं वेगळं अन् पोरीचा बाप होणं वेगळं. मोटरसायकलवाल्यायले मी कडुनिंब सांगू शकतो. व्याह्याले कसा सांगू? उद्या हे उघडं पडलं तर तो म्हणन, हा मानूस पोरीच्या लग्नातच खोटा आहे. अन् पोरीले ते जन्मभर ऐकाव लागन. माह्यापाशी पंधराशे फूट तर जाऊ दे, पंधरा फूट घ्याची ऐपत नाही. टिकली काढून टाक. गोमाजीले मी सांगतो का व्यवहार फसकटला.

केवळराम


शहापूर,
३ मार्च

आदरणीय भाऊजी,

अभिनंदन. गोमाजीसाहेब परवा येऊन आठ नंबरचा इसार देऊन गेले. आता बारा टिकल्या झाल्या. पतसंस्थेचं कर्ज मंजूर, श्यामराव खूश, आणि करारातल्या कलम चारप्रमाणे एक नंबरचा प्लॉट माझा झाला. काल मी पाटी नेऊन उभी करून पाहिली. हायवेवरून साठ पावलांवरून वाचता येते.

टिकली काढायचं तुम्ही म्हणालात, तो विचार माझ्याही मनात होता, कारण योगायोगाने तशीच वेळ आली. राजकुमार साहेबांना जावयासाठी कोपऱ्याचाच प्लॉट पाहिजे होता. कर्जावर सही करताना त्यांनी पेन वर धरून विचारलं, "सात नंबरवर ती टिकली पक्की आहे का?" अशा वेळी धंद्यातला माणूस काय म्हणतो? मी म्हणालो, "साहेब, टिकलीच आहे."

तुमची टिकली मी तेरा नंबरवर हलवली आहे. डिंक चांगला होता, नीट चिकटली. तेराही पंधराशे फुटांचाच आहे, फक्त नाल्याकडे आहे आणि झाड नाही. तेरा म्हटलं की लोकांना तेरवी आठवते, म्हणून तो कोणी मागत नाही. तेव्हा पुन्हा हलवायची वेळ येणार नाही. नकाशात तेवढी दुरुस्ती करून घ्या. कडुनिंबाचं बोलणं आता बंद करावं.

आपला,
लिलाधर


लाखांदूर,
१० मार्च

लिलाधर,

मी जमुना सांगून राहिली, ज्योत्सना लिहून राहिली. एकही शब्द गाळजो नको असं तिले बजावलं आहे.

तुले वाटते का मले काही माहीत नाही. सत्तावीस वर्षं झाले या मानसासोबत. यानं मले न विचारता आजवर एक छत्री घेतली, ती बी त्याच दिवशी वापस केली. हा प्लॉट घेते? पहिल्याच दिवशी समजलं. गप राहिली, कारण सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा हा मानूस ताठ चालून राहिला होता. म्हणलं चालू दे, कोनाचं काय जाते.

आता जाते. माह्या पोरीचं जाते.

यायच्यानं गोमाजीले काही सांगणं झालं नाही. गोमाजीनं आठ नंबर काहून घेतला? सात नंबरवर आमी हाव म्हणून. अन् तू आमाले उचलून नाल्यावर टाकलं. पाडव्याले पोरीचं साक्षगंध आहे. त्याच दिवशी सकाळी गोमाजी दहा मानसं घेऊन शहापूरले येणार, दोन्ही प्लॉटवर नारळ फोडणार, मंग साक्षगंधाले बसणार. त्यायनं नारळं बी घेऊन ठेवले. त्या दिवशी सात नंबरवर दुसऱ्याचा जावई उभा असंन तर तुहे भाऊजी तिथून सरळ घरी येतीन अन् पुन्हा डोंग्यातच बसतीन. ज्योत्सना काही म्हणणार नाही. ती तिच्या बापावर गेली.

(मामा, हे मी लिहिणार नव्हते, पण आई बाजूलाच बसली आहे. — ज्योत्सना)

तू लहान होता तव्हा तलावाच्या पाळीवर बसून लोकायचे मासे मोजत जाय. एकही मासा न पकडता तुले आकडा बरोबर माहीत राहे. बाबा म्हणे, हा पोट्टा मोजून मोजूनच मोठा होईन. झाला. आता एक मोज. तुले भाची किती? एक. लग्नाच्या मांडवात तिले कोन आणते? मामा.

यापेक्षा मी काही सांगत नाही.

जमुना


शहापूर,
२४ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र उषाने आधी वाचलं. म्हणून मला ते दोनदा ऐकावं लागलं.

झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी वेगळं सांगू नये. १५ तारखेला राजकुमार साहेबांकडे गेलो. म्हटलं, सात नंबर वापस पाहिजे, बदल्यात तुम्ही म्हणाल तो देतो. ते म्हणाले, "कोणताही?" मी म्हटलं, जेवढे उरले त्यातला. ते उठले, भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले आणि बोट सरळ हायवेवर ठेवलं. "हा एक नंबरचा काहून खाली दिसते? यावर टिकली नाही."

स्वतःच्या प्लॉटवर टिकली लावायची मला कधी गरज वाटली नव्हती.

१७ तारखेला मी एक नंबर शेवटचा मोजला. उत्तरेकडून दोन इंच जास्त निघाला. तो दोन इंचाचा फायदा आता त्यांच्या जावयाचा. १८ तारखेला श्यामरावांशी लिहून घेतलं की माझ्या मेहनतीचा प्लॉट एक नसून सात. ते म्हणाले, "लिलाधर, हायवे सोडून कडुनिंब घेता? तुमाले धंदा समजते का?" मी त्यांना सहीची जागा दाखवली. २१ तारखेला, शुक्रवारी, रजिस्ट्री झाली. वार मी मुद्दाम लिहितो आहे. नाव: कु. ज्योत्सना केवळराम मारबते. कागदात तिच्या नावातला 'त्स' दोनदा चुकला होता, दोन्ही वेळा मी दुरुस्त करवून घेतला.

मामाचा आहेर समज. मात्र लोकांना सांगताना भाऊजींनीच घेतला, दत्तजयंतीला, हे बदलू नये. एकदा सांगितलेली तारीख फिरवली की धंद्याचं नाव जातं.

मी हरलो असं कोणी समजू नये. त्रेसष्ट माणसांना मी पाणी, वीज, रस्ता सगळं अचूक सांगितलं आणि त्यातल्या एकानेही घेतलं नाही. भाऊजींनी चहाच्या कपाकडे पाहत एक हो म्हटलं आणि बारा गेले. ही पद्धत शेवटी माझीच आहे, फक्त त्यात मला काय उरलं ते अजून मांडायचं आहे. पाटी सध्या आमच्या छपरावर आहे. उषा तिच्यावर मूगवड्या वाळवते. म्हणते, मापाची आहे.

पाडव्याला लवकर या. सात नंबर झाडून, चुन्याने आखून ठेवतो.

तुझा भाऊ,
लिलाधर


लाखांदूर,
७ मे

लिलाधर,

लग्न पार पडलं, तू होताच. अक्षयतीजेचा मुहूर्त तू तीन वेळा घड्याळात पाह्यला अन् भटजीले दोन मिनिटं मांगं आहे म्हणून सांगितलं, ते गोमाजी अजून लोकायले सांगून राहिले.

तुले न विचारता मी एक काम केलं. मांडवातच गोमाजीले बाजूले घेऊन खरं खरं सांगून टाकलं. म्हणलो, "व्याही, तो प्लॉट मी घेतला नाही. माह्या साळ्यानं दिला. त्याच्या मेहनतीचा होता. दत्तजयंती-गित्तजयंती काही नाही, मार्चात झालं."

गोमाजीनं माह्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यात पाणी आलं त्याच्या. म्हणे, "व्याही, मानलं तुमाले. स्वतः घ्याव अन् नाव साळ्याचं कराव, एवढं मोठं मन मी कोनात पाह्यलं नाही. नाही तर कोनता साळा प्लॉट देते?"

मी लय समजावलं. जेवढं समजावलं तेवढा मी मोठा होत गेलो. शेवटी त्यानं माईक घेऊन तेच सगळ्या वऱ्हाडाले सांगितलं. तू तव्हा वाढणाऱ्यायले जिलेबी मोजून देत होता, म्हणून तुले ऐकू आलं नसंन. खोटं बोललो तव्हा शेठ झालो अन् खरं बोललो तर संत. आता मिटिंगीत खुर्चीसंग टॉवेल बी टाकतात.

तुह्या हाती काही उरलं नाही, हे मनाले लागते. प्रविण सांगत होता का सगळे प्लॉट गेले, नाल्याकडचे चारच उरले, तेरा नंबर तसाच पडला आहे, अन् त्याच्यावरची माही टिकली बी वाळून खाली पडली. अन् परवा इथं तीन जण आले होते, पवनीकडचे, उरलेल्या प्लॉटचं विचाराले. त्यातला म्हातारा लय पक्का. सगळं ऐकून घेतलं अन् मंग विचारते, "तुमचा साळा दुनियेले विकते, त्यानं स्वतः तिथं काहून नाही घेतला?"

हे आजवर कोनीच विचारलं नव्हतं, नाही का? तुह्या वहीत बी नसंन.

मी म्हणलो, "घेतला ना. तेरा नंबर. पंधराशे फूट, नाल्याकडून हवा चांगली येते."

"तेरा?"

"आमचा लिलाधर असल्या गोष्टी पाहत नाही. तो मोजून घेते."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पक्का वाटला त्याले. सोमवारी ते तिघं शहापूरले तुह्या घरी येतीन. तेरा नंबरवर टिकली लावून ठेव, उषाले नवीन पाकीट आणाले सांग. दारात येऊन ते "लिलाधर शेठ कुठी राहते" म्हणून विचारतीन. एकदम नाही म्हणू नको. चहा येईपर्यंत थांबजो.

तुहा भाऊजी,
केवळराम